देखणी रोपं

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास स्नेहलच्या तोंडून "नको" असा शब्द निघाला आणि तिची तीच दचकली. दचकण्यासारखं खरं तर काही झालं नव्हतं. जळगावबाहेर हायवेला लागून असलेल्या त्या टिश्यूकल्चर, म्हणजे लॅबमध्ये बाटलीत वाढवलेल्या, केळीच्या रोपांच्या नर्सरीत ती गेली अकरा वर्षं हेच करत आली होती. हिरव्या जाळीच्या शेडमध्ये उभं राहायचं, ट्रेमधलं रोप उचलायचं, मोजपट्टी लावायची, पानं मोजायची, पुढचं रोप घ्यायचं. आजची रोपं तर दृष्ट लागावी अशी होती. पाच-पाच पानं, बुंधा जाडजूड, हिरवा रंग असा की बघत राहावं. पट्टीत चपखल बसत होती. आणि एक रोप ट्रेमध्ये परत ठेवता ठेवता तिचा उजवा अंगठा आपला आपणच बुंध्यावरून वर सरकला, मध्येच अडला, आणि ती म्हणाली, "नको." तो आवाज तिचा नव्हताच. बी.एस्सी. झालेल्या, पिंप्राळ्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, स्कूटीवरून कामाला येणाऱ्या बाईचा तो आवाजच नव्हे. तो केसरबाईचा होता, तिच्या आजीचा. आणि आजी तर तिकडे चोपड्याकडच्या गावात ओट्यावर बसून शेंगा फोडत असणार, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, ठणठणीत. शेजारच्या रांगेत झारीनं पाणी घालणाऱ्या बेबाबाईनं मान वर केली. "काय नको मॅडम? चहा? मी तर अजून टाकलाबी नाही."

स्नेहल हसली, पण तिचा अंगठा हसत नव्हता. तिनं दुसरं रोप उचललं, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. चांगल्या रोपाला पानांचे देठ एकमेकांपासून जरा अंतर राखून फुटतात. अंगठा वर नेला की जिन्याच्या पायऱ्या लागाव्यात तसं बोटाला कळत जातं, इथे एक, मग मोकळी जागा, मग दुसरा. ह्या रोपाला जागाच नव्हती. देठ एकावर एक दाटून बसलेले. जाडजूड बुंधा म्हणून पट्टी त्याला शाबासकी देत होती, आणि तोच बुंधा पुढे कमरेएवढा होऊन तिथंच थांबणार होता. खुजं झाड. घड पडलाच तर ओंजळीएवढा. तिनं शंभर रोपं अशीच डोळे मिटून पाहिली. अकरा निघाली, बाराव्याबद्दल शंका. हजारात चार-पाच निघाली तर कुणी विचारत नाही, टिश्यूकल्चरमध्ये तेवढं चालतंच. पण शंभरात अकरा म्हणजे शेतकऱ्याच्या बागेत दर नवव्या खड्ड्याशी फसवणूक. आणि हा चाळीस हजारांचा लॉट कालच पास झाला होता. गुरुवारी सकाळी गाड्या भरायच्या होत्या. चोपडा, अडावद, धानोरा. यादीत सगळ्यात खाली एक नाव होतं, सुपडू, तीन एकर, साडेचार हजार रोपं. सुपडू म्हणजे तिचे वडील, आबा.

देखणं ते घ्यायचं नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं; शिकवणं सोडाच, आजी तिला ढिगाजवळ फिरकूही द्यायची नाही. तरी मे महिन्याच्या सुट्टीत कुठे जाणार पोरगी? ती बांधावर बसून बघायची. तेव्हा केळी लावायची म्हणजे जुन्या बागेतली पिलं खणून काढायची, बुडाशी कंद असलेली, आणि त्यातली चांगली निवडून नव्या खड्ड्यात घालायची. शेताच्या कडेला पिलांचा माणूसभर उंच ढीग लागायचा आणि त्या ढिगापुढे पदर खोचून केसरबाई बसायची. एक एक पिल हातात घ्यायची, अंगठा फिरवायची. "व्हय" म्हणाली की उजवीकडे, "नको" म्हणाली की डावीकडे. नवख्या माणसाला वाटायचं बाई उलटंच करते आहे. रुंद पानांची, गोंडस, तरणीताठी पिलं ती फेकायची आणि तलवारीसारख्या अरुंद पानांची, काटकुळी, बघवत नाहीत अशी ठेवायची. गोंडस पिल आईच्या जिवावर पोसलेलं, त्याच्या कंदात जीव नाही, आईपासून तोडलं की खलास. काटकुळ्याचं सगळं बुडात. जमीनदारांच्या पोरांनाही हे ऐकून माहीत होतं, पण ढीग समोर आला की त्यांचे हात गोंडसाकडेच जायचे. म्हणून मृगबागेच्या, म्हणजे जूनमधल्या लागवडीच्या, वेळी केसरबाईला बोलावणी यायची, आधी बैलगाडीतून, मग जीपमधून, थेट फैजपूरपर्यंत. ज्यांच्या घरात तिला कपातून चहा मिळत नव्हता ते बागायतदार तिच्या "नको"पुढे ब्र काढत नसत. पहिलं पिल खड्ड्यात ठेवायची वेळ आली मात्र की घरची मालकीण हळदकुंकू, नारळ घेऊन यायची आणि केसरबाईनं चार पावलं मागे सरायचं. असा रिवाज. निवड तिची, लागवड त्यांची. स्नेहलला हे आठवलं की आजही कानशिलं तापतात. आजीला कधी विचारलं तर ती आपल्या अहिराणीत म्हणायची, "वं पोर, नारळ त्यास्ना, बाग मन्ही. ज्याले समजस त्याले समजस."

आणि मग टेम्पोतून ट्रे आले. स्नेहल तेव्हा सातवीत होती. गावातल्या सगळ्यात मोठ्या बागायतदारानं, ज्याला सगळे नाना म्हणत, बोटभर उंचीची रोपं मागवली, एकसारखी, जणू एकाच आईची हजार लेकरं, आणि ती तशी होतीच. नाना काही वाईट माणूस नव्हते. ओट्यावर येऊन त्यांनी नीट सांगितलं, "केसरबाई, यंदा निवडायचं काम नाही गं." चाळीस वर्षांची विद्या एका वाक्यात संपली. आजी "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी त्याच बागेत निंदायला गेली. ना रडली ना बोटं मोडली. लोकांना असल्या गोष्टींत भारी गंमत वाटते. आजीचं काम ज्यानं घालवलं त्याच कारखान्यात नात नोकरीला लागली, असं गावातल्या लग्नाकार्यांत अजून चघळतात. चघळोत बापडे. स्नेहलला त्यात चोरट्यासारखं कधीच वाटलं नाही. अठरा महिन्यांची केळी अकरा महिन्यांत येऊ लागली, पाटाचं पाणी जाऊन नळ्या आल्या, थेंबाथेंबानं मुळाशी खत जाऊ लागलं, घड दुपटीनं भरू लागला, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि त्याच नानांची मुलं पुण्याला गेल्यावर त्यांच्या बागेतले तीन एकर तिच्या वडिलांनी घेतले, एसटीतून निवृत्त झालेल्या सुपडू ड्रायव्हरनं! ज्या बांधावर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे ढीग निवडले त्या बांधाच्या आतली जमीन. ह्या वर्षीची मृगबाग ही त्यांच्या घराण्याची पहिली स्वतःची लागवड. म्हणून तर ती महिनाभर आबांना सांगत होती, रोपं मी माझ्या हातानं पाठवते, काळजी करू नका. माझ्या हातानं! तिला स्वतःचाच राग आला.

हितेंद्र सर लॅबचे मॅनेजर. धुळ्याचा माणूस, नाकासमोर चालणारा, वयानं तिच्याहून चार वर्षांनी मोठा, कागदाला देव मानणारा. तिनं अकरा रोपं त्यांच्या टेबलावर मांडली. त्यांनी प्रत्येकाला पट्टी लावली. उंची बरोबर, जाडी बरोबर, पानं बरोबर. "मॅडम, ह्यांना काय झालंय? सुंदर आहेत की."

"सुंदर आहेत म्हणूनच. देठ बघा सर, दाटलेत. ही खुजी राहणार."

"महिन्यानं दिसेल ना ते? आज कशावरून?"

"अंगठ्यावरून," ती म्हणाली, आणि म्हणताना तिला कळलं की हे कसं ऐकू येत असेल.

हितेंद्र सर हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. "वरून फोन आला तर मी काय सांगू? लॉट का थांबवला, तर मॅडमच्या अंगठ्याला बरं वाटत नव्हतं?" मग आवाज उतरवून म्हणाले, "यंदा मागणी जास्त होती. बाटलीतली वाढ एक-दोन फेऱ्या जास्त घेतली, आणि फेऱ्या वाढल्या की बिघडलेली रोपंही वाढतात, हे तुम्हालाही माहीत आहे नि मलाही. पण पट्टीत बसतंय. थांबवायचं असेल तर तुम्ही लिहून द्या. चुकलात तर तुमच्या शब्दाला ह्या शेडमध्ये परत किंमत राहणार नाही. आणि अजून एक. थांबवला तर हा लॉट जाळायचा. दुसरा तयार व्हायला ऑक्टोबर. तुमच्या वडिलांची मृगबाग गेली म्हणून समजा."

ती शेडमध्ये परत आली. जाळीतून गाळून आलेला उजेड, ओल्या कोकोपीटचा, नारळाच्या भुशाचा वास, चाळीस हजार रोपं, आणि सगळी कशी गप्प, शहाण्या वर्गासारखी. तिला भीती नोकरीची नव्हती. आपण खरोखर ओळखलंय की उगाच आजी होऊ पाहतोय, ह्याची होती. नवस केल्यासारखं ज्याची दहा वर्षं वाट पाहिली ते हातातोंडाशी आलं असताना माणसाला असले झटके येतात, घर घ्यायच्या आदल्या दिवशी भिंतीत भेगा दिसतात, तसंच हे नसेल कशावरून? आणि दुसऱ्या बाजूनं, चाळीस हजारांतली साडेचार हजार शेतकऱ्यांच्या वावरात जाऊन बसणार, वर्षभर पाणी पिणार, खत खाणार, आणि हे तिला आज माहीत आहे. माहीत असून गाडी भरणं तिच्याच्यानं झालं असतं का? मोजपट्टीवर ढकलता आलं असतं. पट्टी कुणाच्या घरी जेवायला येत नाही, तिला कुणी बांधावर अडवून विचारत नाही. ती हे सगळं घोळवत असतानाच फोन वाजला. आबा.

"स्नेहल, खड्डा बठ्ठा तयार शेत. सकायपासून पानी सोडेल शे," सगळे खड्डे तयार आहेत हे सांगताना आबांचा आवाज आनंदानं फुटत होता. ड्रायव्हरकीत तीस वर्षं जो आवाज फक्त "पुढे सरका" म्हणाला तो हा. "गाडी कव्हय निघी?"

तिला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगून टाकलं, देठ, अंगठा, ऑक्टोबर. पलीकडे नळीतून पाणी पडल्याचा आवाज येत राहिला. मग फोन कुणीतरी ओढून घेतला आणि केसरबाई कडाडली, "कितला खराब शेत?"

"शंभरात अकरा-बारा, आजी."

"मंग बाकीनास्नी तुन्हं काय वाकडं करं?"

"म्हणजे?"

"आखो म्हनजे! ढीग कधी खराब ऱ्हास का? कंद खराब ऱ्हास. ढीगले काय इचारस, एक एकले इचार. निवडी काढ."

"चाळीस हजार रोपं शेत, आजी!"

"मंग? तुले कोठे जानं शे?"

स्नेहलला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम. अकरा वर्षांत तिच्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं. इथे सगळं लॉटमध्येच चालतं: लॉट पास, लॉट नापास, लॉट गाडीत, लॉट जाळायचा. चाळीस हजारांना एक नाव आणि एकच नशीब. हेच नवं शास्त्र, आणि खोटंही नाही, त्याच्यामुळेच तर केळी इतकी स्वस्त नि इतकी भरघोस झाली. पण रोप काही लॉट म्हणून जगत नाही. ते एकेकटं खड्ड्यात उभं राहतं. "आजी, तू येतेस का इथं? तुझा अंगठा..." ती बोलून गेली. केसरबाईनं तोडलं, "हाई तुन्हं बाटलीमातलं पोर शे, त्याले कंदच नही. माले नही समजाव. तुले समजस ना?" स्नेहलनं समोरच्या ट्रेमधल्या एका बुंध्यावरून अंगठा फिरवला आणि ती म्हणाली, "हां, समजस." हे म्हटल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की काय सांगावं.

तिनं लिहून दिलं. लॉट जाळायचा नाही, रोप रोप निवडायचं, काढलेली रोपं एका कोपऱ्यात जपायची, महिन्यानं सर्वांनी येऊन बघायची, चूक निघाली तर माझी. हितेंद्र सरांनी कागद तीनदा वाचला, मग म्हणाले, "गाड्या शनिवारी न्या. त्याच्यापुढे मला थोपवता येणार नाही." तीन दिवस. बेबाबाई, शेवंताबाई आणि आणखी सहा जणींना तिनं जमिनीवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि अंगठे कुठून कुठे न्यायचे ते दाखवलं. पहिला अर्धा दिवस नुसता गोंधळ. शेवंताबाईला सगळीच रोपं वाईट वाटायला लागली. बेबाबाई तर प्रत्येक रोपाशी बोलायची, "तू गं? तू कुणाची? चल हो तिकडं." पण हात हा हट्टी विद्यार्थी असतो, उशिरा शिकतो नि मग विसरत नाही. बुधवारी दुपारपासून ट्रे सरकू लागले. गुरुवारी स्नेहलचा अंगठा सुजला, तिनं तो माठातल्या पाण्यात बुडवून ठेवला आणि डाव्यानं सुरू केलं, आणि डाव्यालाही कळतंय हे पाहून तिला शाळकरी पोरीसारखा आनंद झाला. शुक्रवारी संध्याकाळी हितेंद्र सर आले, बाह्या दुमडल्या, खाली बसले आणि एक ट्रे पुढ्यात ओढला. "दाखवा," ते म्हणाले. एवढंच.

लॉटमध्ये तीनेक हजार रोपं मागणीपेक्षा जास्तीची होती, तरी निवडून झाल्यावर अर्थातच रोपं कमी पडली. सगळ्यांचं थोडं थोडं कमी करू, असं सर म्हणत होते. स्नेहलनं ऐकलं नाही. आधी ज्यांनी सांगून ठेवलं त्यांना पुरतं द्या, यादीतलं शेवटचं नाव शेवटी. आबांच्या वाट्याला तीन हजार आली, दोन एकरांची. तिसऱ्या एकरातले खड्डे तोंड वासून राहिले. आबा फोनवर दोन मिनिटं तणतणले, "घरनी पोर नि घरलेच कमी!", आणि मग दमले. केसरबाई तणतणली नाही. तिनं पदर खोचला, गावातल्याच एका जुन्या बागेत गेली, पिलं खणवून घेतली, ढीग लावला आणि वीस वर्षांनी त्याच्यासमोर बसली. तिसरा एकर तिनं जुन्या रीतीनं लावला. स्नेहलनं एवढंच बजावलं की कंद औषधात बुडवल्याशिवाय घालायचे नाहीत, आणि आजीनं, कुरकुरत का होईना, बुडवले. नारळ कुणी आणला नाही. पहिलं रोप कुणी ठेवलं हेही कुणाच्या लक्षात राहिलं नाही, इतकी सगळ्यांची घाई चालली होती.

महिन्यानं शेडच्या कोपऱ्यातली काढलेली रोपं बघायला सगळे जमले. शंभरातली नव्वद जागच्या जागी बसलेली, बुटकी, पानं एकमेकांत घुसलेली, आता कुठल्याही आंधळ्यालाही दिसावीत अशी. दहा मात्र चांगली सरळ वाढली होती. उगाच बळी गेलेली. हितेंद्र सर खूश होते, त्यांनी हात मिळवला, आता प्रत्येक लॉटला असंच करायचं म्हणाले. स्नेहलला त्या नव्वदांचं काही वाटलं नाही; ती त्या दहांसमोर उभी राहिली. जी घ्यायला हवी होती ती टाकली, मग जी टाकायला हवी होती त्यातली किती तिनं घेतली असतील? आजीच्या हातून असं कधी झालं नव्हतं. केसरची नजर चुकत नाही, असं सगळा तालुका म्हणायचा. रविवारी ती गावी गेली ती हेच घेऊन.

आबांच्या शेतात दोन एकर एका उंचीचे, शाळेच्या प्रार्थनेसारखे रांगेत, आणि शेजारचा तिसरा एकर आजीचा, थोडा वर-खाली, पण दणकट. केसरबाई रांगांमधून चालत होती. हातात विळा, पावलं सावकाश. स्नेहल जवळ आली तेव्हा तिनं बांधावर ठेवलेली उपटलेली झाडं दाखवली. एका बाजूला सात होती, बुटकी, टिश्यूकल्चरची. स्नेहलचा चेहरा उतरला. "सात चुकी गयात, आजी."

"तीन हजारमा सात," केसरबाई म्हणाली. मग विळ्यानं दुसऱ्या बाजूकडे दाखवलं. तिकडे बराच मोठा ढीग होता, तिसऱ्या एकरातून उपटलेली, जीव न धरलेली, सुकत चाललेली पिलं. "त्या मन्हा शेत. शंभरमा दोन. कायमना दोन."

स्नेहलला आधी समजलंच नाही. "कायमचे म्हणजे? पण लोक तर म्हणायचे..."

"लोके म्हनेत," आजी म्हणाली, आणि इतकी निवांत हसली की तिच्या तोंडातले उरलेले तिन्ही दात दिसले. मग रांगेतून चालता चालताच तिनं सांगितलं. लागवडीनंतर महिन्यानं ती प्रत्येक बागेत परत जायची. फैजपूरला, अडावदला, जिथं जिथं निवडलं तिथं तिथं, निंदायच्या नावाखाली, कधी नुसतीच, पायी. ओटीत चार-दोन चांगली पिलं. फसलेलं दिसलं की उपटायचं, त्याच खड्ड्यात दुसरं लावायचं, माती सारखी करायची आणि निघायचं. चाळीस वर्षं. मालकाला कळलं नाही, आजोबांना कळलं नाही, तिच्या पोराला कळलं नाही. स्नेहल चालायची थांबली. आजी मात्र पुढे गेली होती, एका झाडाशी वाकली, अंगठा फिरवला, ठीक आहे असं पाहून सरळ झाली आणि मागे न बघता म्हणाली, "नजर चुकस वं. मन्हा पाय नही चुकेत."

सोमवारी स्नेहलनं हितेंद्र सरांकडून त्या शनिवारच्या गाड्यांची यादी मागून घेतली, सगळी नावं, सगळी गावं. एकोणतीस शेतं होती. मग तिनं बेबाबाईला विचारलं की येत्या रविवारी तिला स्कूटीवर मागे बसून अडावदला यायला जमेल का, आणि सांगितलं की जाताना कोपऱ्यातल्या सरळ वाढलेल्यांतली ट्रेभर रोपं घ्यायची आहेत.